भरल्या पोटीची भूक

अमरावतीत संध्याकाळी गिल्या वड्याच्या गाडीभोवती उभी असलेली सगळी माणसं एकाच कारणानं खात नसतात. कोणी कामावरून थेट आलेलं असतं, सकाळच्या भाजी-पोळीवर सात-आठ तास निघालेले असतात. ती भूक खरी. कोणाचा चहा-फराळ मात्र तासाभरापूर्वीच झालेला असतो. साहेब बोलले, पोराचा निकाल बिघडला, कापसाचा भाव पुन्हा उतरला, म्हणून पाय गाडीकडे वळलेले असतात. अकोल्यातल्या एखाद्या घरी हेच रात्री साडेदहाला, सगळी निजानीज झाल्यावर, चिवड्याच्या डब्यापाशी घडतं. का खाल्लं, असं विचारलं तर उत्तर एवढंच: "मनाले बरं वाटते."

मानसशास्त्र याला भावनिक खाणं म्हणतं. पोटाची भूक हळूहळू वाढते आणि भाकरी-पिठल्यानंही भागते. भावनेची भूक एकाएकी उसळते, तिला गोड किंवा तळलेलंच लागतं आणि पोट भरलं तरी ती थांबत नाही. मागे उरते ती खाल्ल्याची खंत, आणि त्या खंतीवर पुन्हा खाण्याचाच उतारा.

"मनाले बरं वाटते" हे मात्र शब्दशः खरं आहे. ताण लांबला की शरीरात कॉर्टिसॉल हे संप्रेरक चढं राहतं. मेरी डॅलमन या अमेरिकी शास्त्रज्ञेनं आणि तिच्या सहकाऱ्यांनी 2003 साली मांडलं, की असं चढं संप्रेरक गोड-तेलकट खाण्याची ओढ वाढवतं, चरबी पोटावर साठवतं आणि त्या खाण्यानं मेंदूतली ताणाची यंत्रणा काहीशी शांतही होते. म्हणजे हे खाणं एक प्रकारचं औषधच झालं, फक्त त्याची किंमत कंबरेवर चुकवावी लागते. म्हणून अशा माणसाला "तोंडावर ताबा ठेव" म्हणणं मला निर्दयपणाचं वाटतं. त्याच्या हातून ते औषध काढून घ्यायचं तर दुसरं काही द्यावं लागेल.

आपल्याकडे ही किंमत जास्तच पडते. पुण्याच्या के.ई.एम. रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी अनेक वर्षांच्या अभ्यासातून दाखवलं, की दिसायला सडपातळ भारतीयाच्या अंगातही, विशेषतः पोटाशी, युरोपीय माणसापेक्षा जास्त चरबी असते. म्हणून भारतीयांसाठी 23 पासूनचा बीएमआय जादा वजनाचा आणि 25 पासूनचा लठ्ठपणाचा धरतात. चार किलो इकडे-तिकडे झाले तरी इथे फरक पडतो.

अशा वेळी संमोहनाचं नाव निघतं. संमोहनानं वजन उतरवून देतो, असं छातीठोकपणे सांगणारेही भेटतात. त्यांचं म्हणणं तोलायचं तर दोनशे वर्षं मागे, गोव्याच्या एका माणसाकडे जावं लागतं. बार्देशातल्या कांदोळी गावी 1756 साली जन्मलेला जुझे कुस्तोदियु द फारिया, म्हणजेच आबे फारिया. पोर्तुगालच्या राणीसमोर पहिलं प्रवचन द्यायला तो उभा राहिला आणि भीतीनं त्याची वाचाच बसली, अशी एक आख्यायिका आहे. खाली बसलेले वडील कोकणीत कुजबुजले: "ही सगळी भाजी, कातर रे भाजी!" त्यासरशी भीती पळाली आणि जीभ मोकळी झाली. आपल्या माणसाच्या एका वाक्यात एवढं बळ कुठून आलं, या प्रश्नानं त्याला पुढे सोडलं नाही, असं सांगतात.

त्या काळी युरोपात मेस्मर या डॉक्टरचा बोलबाला होता. आपल्या अंगातून एक चुंबकीय द्रव वाहतो आणि तो रोग्याला बरं करतो, असं मेस्मर म्हणे. 1784 साली फ्रान्सच्या राजानं नेमलेल्या समितीनं, त्यात बेंजामिन फ्रँकलिन आणि लाव्हाझिए होते, असा कोणताही द्रव नाही असा निर्वाळा दिला. फारियानं त्यापुढचं पाऊल टाकलं. 1813 पासून पॅरिसमध्ये भर सभेत प्रयोग करून तो सांगू लागला, की संमोहन करणाऱ्याकडून काहीही येत नाही. जे घडतं ते समोरच्याच्या मनात, त्याच्या एकाग्रतेतून आणि अपेक्षेतून घडतं. पुढे त्याची टिंगल झाली आणि 1819 साली तो पॅरिसमध्येच वारला. पणजीत जुन्या सचिवालयाशेजारी त्याचा पुतळा आहे. संमोहन करणाऱ्याकडून काहीही येत नाही, हे त्याचं एक वाक्य मला आजच्या कुठल्याही जाहिरातीपेक्षा मोलाचं वाटतं.

आज मेंदूच्या प्रतिमा त्याच दिशेनं बोट दाखवतात. स्टॅनफर्ड विद्यापीठात 2016 साली डेव्हिड स्पीगल यांच्या गटानं 545 जणांची चाचणी घेऊन 57 निवडले. त्यातले काही चटकन संमोहित होणारे होते, तर काही जवळजवळ न होणारे. पहिल्या गटात संमोहनावस्थेत मेंदूचा सतत इकडेतिकडे लक्ष ठेवणारा एक भाग शांत झाला. नियंत्रण करणारा पुढचा भाग आणि शरीराच्या आतल्या संवेदना टिपणारा इन्सुला यांच्यातला संवाद मात्र वाढला. भावनिक खाण्यात बिघडतो तो बहुधा हाच संवाद. पोट भरल्याचा निरोप निघतो, पण तो ऐकला जात नाही.

वजन किती उतरतं? इथे उत्साह आवरायला हवा. आहार आणि वर्तनोपचाराला संमोहनाची जोड दिली तर परिणाम बराच वाढतो, असं 1995 साली अर्व्हिंग कर्श आणि सहकाऱ्यांनी जुने अभ्यास एकत्र करून सांगितलं. वर्षभरात अॅलिसन आणि फेथ यांनी तेच आकडे पुन्हा तपासले, चुका काढल्या आणि परिणाम बराच लहान असल्याचं दाखवलं. पॅरिसमधला 2022 साली प्रसिद्ध झालेला प्रयोग मला जास्त प्रामाणिक वाटतो, कारण त्यानं वजनाआधी खाण्याकडे पाहिलं. लठ्ठपणा आणि अनावर खाणं दोन्ही असलेली 80 हून थोडी जास्त माणसं त्यांनी घेतली. आहाराचं शिक्षण सगळ्यांना दिलं, संमोहन आणि स्वसंमोहन फक्त एका गटाला. आठ महिन्यांनी संमोहनाच्या गटातली बहुसंख्य माणसं अनावरपणातून बाहेर आली होती, दुसऱ्या गटातली थोडीच. वजनातला फरक मात्र दोन किलोंच्याही आत होता.

हे दोन निष्कर्ष एकत्र वाचले की संमोहनाची जागा कळते. ते चरबी वितळवत नाही. अस्वस्थ वाटणं आणि हात डब्याकडे जाणं यांच्यामध्ये ते थोडी उसंत निर्माण करतं. त्या उसंतीत काय करायचं हे आहार, चालणं, झोप आणि घरची माणसं ठरवतात. आग्रहाच्या वऱ्हाडी पंगतीत "घ्या नं बाप्पा अजून एक" म्हणणाऱ्या हातावर कोणत्याही सत्राचा इलाज नाही; तिथे घरातल्यांनाच समजून घ्यावं लागेल.

प्रत्यक्ष सत्रात गूढ काही नसतं. आधी बोलणं होतं: कधी, कुठे, काय वाटलं की खाता? मग खुर्चीत सैल बसवून श्वासाकडे, अंगाच्या जडपणाकडे लक्ष नेलं जातं. त्यानंतर त्या माणसाचाच प्रसंग डोळ्यांसमोर आणायला सांगतात. रात्रीची वेळ आहे, डबा समोर आहे, छातीत काहीतरी दाटलंय. ते दाटलेलं ओळखा, त्याला नाव द्या, तीन श्वास घ्या, आता पोटाला विचारा. या सूचना घरी स्वतःच स्वतःला द्यायला शिकवतात. शुद्ध हरपत नाही आणि मनाविरुद्ध कोणी काही करवून घेऊ शकत नाही. स्वसंमोहन विदर्भाला परकंही नाही. अंधश्रद्धा निर्मूलनाच्या चळवळीतले श्याम मानव अनेक वर्षं त्याच्या कार्यशाळा घेत आले आहेत. ज्या माणसानं बुवाबाजीविरुद्ध आयुष्य घालवलं त्यानं संमोहन लोकांच्याच हाती द्यावं, हे फारियाला आवडलं असतं.

सगळ्यांवर ते सारखं चालत नाही. साधारण दहातला एक माणूस फार चटकन संमोहित होतो, तेवढेच जवळजवळ होत नाहीत, बाकीचे मधले. भ्रम-भासाचा आजार असेल तर हा मार्ग टाळावा. बकाबका खाऊन मुद्दाम ओकारी काढणं सुरू असेल तर आधी मनोविकारतज्ज्ञ गाठावा. वजन अचानक वाढलं असेल तर थायरॉइड तपासावं, आणि इन्सुलिन घेणाऱ्यांनी खाणं बदलण्यापूर्वी डॉक्टरांना सांगावं. संमोहन करणाऱ्याला त्याची मूळ पदवी विचारावी. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट असेल तर भारतीय पुनर्वास परिषदेकडे त्याची नोंदणी असते. किलोंची हमी देणाऱ्याकडून उठून यावं. शासकीय रुग्णालयाच्या मनोविकार विभागातून सुरुवात करता येते, आणि तिथवर जायला संकोच वाटत असेल तर ऑक्टोबर 2022 पासून सुरू असलेल्या टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या 14416 या क्रमांकावर मराठीत, विनामूल्य बोलता येतं.