चौकोन पुरा करा, गणित उमगेल

देगलूरसारख्या सीमेवरच्या गावात एका भावाच्या पुस्तकात ‘मुरब्बा’ असतो, तर दुसऱ्याच्या पुस्तकात ‘वर्ग’. दहावीत वर्गसमीकरण मात्र दोघांनाही असते. दोघेही सूत्र पाठ करतात, किमती घालतात, उत्तर काढतात. हे सूत्र आले कुठून, असे विचारले की दोघेही गप्प! परीक्षा संपते, सूत्र विसरते आणि ‘गणित आपल्याला जमत नाही’ एवढेच मनात उरते. या एका समजुतीपायी हुशार मुले-मुलीही पुढे गणिताची वाट सोडतात.

सुमारे १२०० वर्षांपूर्वी, खलिफा मामून यांच्या काळात, बगदादमध्ये अल-ख्वारिज्मी यांनी हीच गणिते चौकोन काढून समजावली. वारसाहक्काची वाटणी, व्यापार, जमिनीची मोजणी अशा व्यवहारांसाठी त्यांनी ग्रंथ लिहिला. त्याच्या नावातल्या ‘अल-जब्र’वरूनच ‘अलजिब्रा’ हा शब्द आला.

त्यांचेच एक उदाहरण घ्या : क्ष² + १०क्ष = ३९.

कागदाचा एक चौरस कापा. त्याची बाजू क्ष माना. आता १०क्षचे दोन समान भाग करा, म्हणजे क्ष लांबीच्या आणि ५ रुंदीच्या दोन पट्ट्या. एक पट्टी चौरसाच्या उजवीकडे लावा, दुसरी खाली. या सगळ्या कागदाचे क्षेत्रफळ ३९. पण कोपऱ्यात एक जागा रिकामी दिसते. ती ५ × ५, म्हणजे २५ ची. ती भरली की मोठा चौरस पुरा होतो. त्याचे क्षेत्रफळ ३९ + २५ = ६४, म्हणून बाजू ८. क्ष + ५ = ८, म्हणजे क्ष = ३. ताळा करा : ९ + ३० = ३९.

पाठ्यपुस्तकातली ‘पूर्ण वर्ग पद्धती’ ती हीच. २५ का मिळवायचे, हे ज्याने डोळ्यांनी पाहिले त्याला ते पाठ करावे लागत नाही. समीकरणाचे दुसरे उत्तर -१३ आहे. ते या चित्रात का दिसत नाही, हेही मुलांना विचारा. बाजूची लांबी उणे नसते, हे त्यांचे त्यांनाच सापडू द्या.

अम्मी-अब्बूंना गणित यायलाच हवे असे नाही. ‘किती मार्क पडले?’ या प्रश्नाआधी ‘असे का होते? मला चित्र काढून दाखव,’ एवढे म्हणा. मूल समजावताना अडखळेल, तिथेच त्याचे कच्चे आहे. तेवढेच दुसऱ्या दिवशी सरांना किंवा मॅडमना विचारायला सांगा.

आज रात्री जेवणानंतर जुने वर्तमानपत्र आणि कात्री घेऊन बसा. मुरब्बा म्हणा की वर्ग, कोपरा भरल्याशिवाय तो पुरा होत नाही.