चार्दाक

बल्गेरियातील कोप्रिव्श्तित्सा या गावी एकोणिसाव्या शतकातील घरे आजही उभी आहेत. त्यांपैकी अनेकांच्या माडीवर, अंगणाच्या बाजूस, लाकडी खांबांवर छप्पर तोललेली मोकळी ओसरी दिसते. तिला तेथे ‘चार्दाक’ म्हणतात. उन्हाळ्यात घरची मंडळी तेथे वाऱ्यावर बसत, काम करीत.

हा शब्द मूळचा फारसी. ‘चहार’ म्हणजे चार आणि ‘ताक’ म्हणजे कमान. प्राचीन इराणात चार कमानींवर घुमट तोललेल्या चौरस वास्तूस ‘चहारताक’ हे नाव होते. तुर्कांच्या मुखी त्याचे ‘चार्दाक’ झाले. चौदाव्या शतकाच्या अखेरीस बल्गेरिया ऑटोमन तुर्कांच्या राज्यात गेला व कालांतराने हा शब्द तेथे रुजला. वाटेत घुमट गेला, कमानी गेल्या. खांबांवर तोललेले छप्पर तेवढे उरले.

मौज अशी की, बल्गेरियन भाषेत चारला ‘चेतिरी’ म्हणतात. संस्कृत ‘चत्वारः’, मराठी ‘चार’, फारसी ‘चहार’ आणि हे ‘चेतिरी’ ही सारी एकाच प्राचीन भाषाकुळातील भावंडे होत. राज्यकर्त्यांबरोबर परका म्हणून आलेला तो शब्द त्या घरचा दूरचा आप्तच निघाला! मुलांनो, शब्दास परका म्हणण्यापूर्वी त्याचे कूळ अवश्य विचारावे.