चावीच्या घड्याळाचं मशीन: पैसे नेमके कशाचे द्यायचे?

आजचं बोलणं काशीच्या पंचगंगा घाटावरून. इथे बिंदुमाधवाच्या आसपास, ब्रह्माघाट आणि दुर्गाघाटाकडे, मराठी घरांची जुनी वस्ती आहे. अशा घरांतल्या कपाटात आजोबांचं बंद पडलेलं एचएमटी हमखास सापडतं. शेजारच्या वाड्यातल्या मुलीने मला विचारलं, "काका, आजोबांचं 'जनता' दुरुस्त करू, की भर घालून नवीन ऑटोमॅटिक घेऊ?" प्रश्न अनेकांचा आहे, म्हणून उत्तर सगळ्यांसाठी देतो.

घड्याळजी ज्याला 'मशीन' म्हणतात, त्याचं काम सोपं आहे. चावी दिली की स्प्रिंग गुंडाळते. ती उलगडताना दातेरी चाकं फिरतात, आणि बॅलन्स व्हील व हेअरस्प्रिंग मिळून ती शक्ती ठरावीक ठोक्यांनी सोडतात. मनगट हललं, ऊन लागलं, स्प्रिंग सैल पडली, तरी ठोके किती सारखे राहतात, ती मशीनची गुणवत्ता.

सर्वांत स्वस्त जात म्हणजे पिन लिव्हर. स्वित्झर्लंडमध्ये रोस्कोफ यांनी 1867 च्या सुमारास सामान्य माणसाला परवडेल असं घड्याळ याच पद्धतीने बाजारात आणलं. माणकाऐवजी पोलादी पिना, म्हणून किंमत कमी. पण झीज जास्त आणि वेळ ढोबळ.

त्याच्या वरची पायरी म्हणजे आपलं एचएमटी. 1961 मध्ये जपानच्या सिटिझनच्या सहकार्याने बंगळुरूला ते सुरू झालं. 'जनता'मध्ये 17 ज्वेल, तासाला 18,000 ठोके, रोज चावी. ज्वेल म्हणजे घर्षण कमी करणारं कृत्रिम माणिक. चावीच्या साध्या घड्याळाला 17 पुरतात. ऑटोमॅटिकला जास्त चाकं, म्हणून जास्त ज्वेल. तेव्हा ज्वेलचा आकडा परीक्षेतल्या गुणांसारखा वाचू नका.

तिसरी पायरी जपानी ऑटोमॅटिक. सेइको गटाचं एनएच 35 घ्या: 24 ज्वेल, 21,600 ठोके, एकदा भरलं की सुमारे 41 तास. कंपनी दिवसाला 20 सेकंद मागे ते 40 सेकंद पुढे एवढी मुभा ठेवते. प्रत्यक्षात बरीच याहून बरी चालतात. त्याच घराण्यातल्या आधीच्या 7एस26 ला हाताने चावी देता येत नाही, आणि बटण ओढल्यावर सेकंदकाटाही थांबत नाही. फौजेत 'घड्याळं जुळवा' म्हटल्यावर काटा थांबणं किती मोलाचं, ते मला ठाऊक आहे. एनएच 35 मध्ये दोन्ही सोयी आहेत.

चौथी पायरी स्विस: ईटीए 2824 आणि त्याच धर्तीचं सेलिटा एसडब्ल्यू 200. तासाला 28,800 ठोके. ठोके जलद असले की धक्क्यातून मशीन लवकर सावरतं. सुटं सेलिटा एनएच 35 च्या साधारण चार-पाच पट महाग पडतं. शिवाय ईटीएचं एकच मशीन वेगवेगळ्या प्रतींत येतं. वरच्या प्रतीत सुटे भाग चांगले आणि अधिक स्थितींत लावून पाहिलेले. सर्वांत वरची प्रत क्रोनोमीटर: 15 दिवस, पाच स्थितींत आणि तीन तापमानांत तपासून दिवसाला सरासरी 4 सेकंद मागे ते 6 पुढे, एवढंच चालतं.

म्हणजे जास्तीचा पैसा बऱ्याच अंशी लावणीचा, हाताच्या मेहनतीचा. त्यापुढे केसचा, डायलवरच्या नावाचा आणि जाहिरातीचा. एकच मशीन दहा हजारांच्या आणि तीस हजारांच्या घड्याळात असू शकतं, म्हणून दुकानदाराला आधी मशीनचा नंबर विचारा. आणि फक्त अचूक वेळ हवी असेल, तर स्वस्त क्वार्ट्झ या सगळ्यांना हरवतं. चावीचं घड्याळ दुरुस्त होऊन पुढच्या पिढीकडे जातं, म्हणून घ्यायचं.

घरी एक परीक्षा करा. पूर्ण चावी द्या. पहिले 24 तास डायल वर ठेवून फरक लिहा. पुन्हा चावी देऊन पुढचे 24 तास घड्याळ उभं ठेवा. दोन्ही दिवस सारखंच पुढे जात असेल तर घड्याळजी ते सहज जुळवून देईल. दोन दिवसांत मोठी तफावत असेल, तर मशीनला साफसफाई, तेल किंवा नवा बॅलन्स लागेल.

आता त्या मुलीचं उत्तर. मशीन मूळचं आहे आणि गंज नाही, तर 'जनता' दुरुस्त कर. एचएमटी घड्याळांचा कारखाना बंद करायचा निर्णय 2016 मध्ये झाला, तरी जुन्या घड्याळांतून सुटे भाग अजून मिळतात. आज कमी पडतोय तो जाणता घड्याळजी, म्हणून तो आहे तोवर काम करून घे. बाजारात मिळणाऱ्या चकचकीत 'नव्या जुन्या' एचएमटींपासून सावध राहा. त्यांतल्या अनेकांचे डायल नव्याने रंगवलेले आणि भाग इकडचे-तिकडचे असतात.

आणि गंगेत बुडी मारताना ते काढून ठेव. जुनं रबर पाणी अडवत नाही, आणि गंजलेल्या मशीनला कुठलीच पायरी वाचवत नाही. जय हिंद.