पवित्रीकरणाची मंद वाट

प्रार्थनेहून उठलेला मुलगा घटकाभरात धाकट्या भावावर हात उगारतो, आणि घरची मंडळी विचारतात, "हाच का तुझा ख्रिस्ती धर्म?" प्रश्न रास्त आहे. पण त्याचे उत्तर देण्यापूर्वी दोन गोष्टींतील भेद ध्यानी घेतला पाहिजे. पश्चात्ताप करून प्रभूवर विश्वास ठेवणाऱ्यास देव आपल्या कृपेने नीतिमान ठरवितो. हे एकाच वेळी घडते. त्या मनुष्याचा स्वभाव व सवयी प्रभूच्या मनासारख्या होत जाणे, म्हणजेच पवित्रीकरण, हे मात्र जन्मभराचे काम होय. शेत नावावर होणे निराळे, आणि त्यातील हरळी खणून काढणे निराळे. हरळी कशी असते, हे शेतकऱ्यांच्या मुलांस सांगावयास नको.

खुद्द प्रेषित पेत्राचे पाहा. पन्नासाव्या दिवशी निर्भयपणे उपदेश करणारा हा पुरुष पुढे अंत्युखियात लोकभयास्तव परजातीय बंधूंच्या पंक्तीतून दूर झाला, आणि पौलाने त्यास सर्वांसमक्ष दोष दिला. पंक्तिभेद काय असतो, हे आपल्या देशात कोणास ठाऊक नाही?

याहून विलक्षण उदाहरण इंग्लंडातील जॉन न्यूटन याचे. १७२५ साली जन्मलेला हा खलाशी अत्यंत शिवराळ व धर्माची टवाळी करणारा होता. मार्च १७४८ मध्ये अटलांटिक महासागरात त्याचे जहाज वादळात सापडले, तेव्हा त्याने देवाचा धावा केला व तो वाचला. शिव्याशाप तेव्हापासून सुटले. पण मोठे पाप कोठे सुटले? १७५० ते १७५४ या काळात तो गुलामांच्या जहाजांवर कप्तान होता. रविवारी खलाशांस जमवून तो उपासना चालवी, आणि जहाजाच्या पोटात आफ्रिकेतील माणसे बेड्यांत जखडलेली असत. बंडाचा संशय आला तेव्हा मुलांचे अंगठे चापात धरून कबुली घेतल्याची नोंद त्याच्याच रोजनिशीत आहे. त्याची प्रार्थना ढोंगी नव्हती, हेच अधिक भयंकर! तो धंदा त्या समाजात प्रतिष्ठित गणला जाई. त्यामुळे त्या बाजूस त्याची सदसद्विवेकबुद्धी निजलेली होती.

१७५४ साली त्याने समुद्र सोडला, तोही प्रकृती बिघडली म्हणून. १७६४ साली तो ओल्नी गावी पाळक झाला. आणि १७८८ साली, म्हणजे समुद्र सोडल्यास चौतीस वर्षे लोटल्यावर, त्याने पुस्तिका छापून आपले पाप उघडपणे कबूल केले व त्या व्यापारातील क्रूरता जगापुढे मांडली.

तर मग वाढ मंदच असावयाची, असे म्हणून स्वस्थ बसावे काय? मुळीच नाही. न्यूटनचे डोळे उघडावयास जो विलंब लागला, त्याची किंमत त्याने दिली नाही. बेड्यांतील माणसांनी दिली. आपला दोष आपणांस क्वचितच दिसतो. ज्यास तो सोसावा लागतो, त्यास तो प्रथम दिसतो. म्हणून रात्री आत्मपरीक्षण करताना धाकट्या भावास, घरच्या गड्यास, वर्गातील दुबळ्या सोबत्यास आपण कसे दिसलो असू, हे मनात आणावे; आणि त्यांपैकी कोणी तोंडावर बोलून दाखविले, तर रागावू नये. वडील मंडळींनीही मुलांचे असे बोलणे उद्धटपणात जमा करू नये, असे आम्हांस वाटते.

मार्च १८०७ मध्ये ब्रिटिश पार्लमेंटाने गुलामांचा व्यापार बंद करणारा कायदा केला. न्यूटन तेव्हा ब्याऐंशीव्या वर्षात होता. त्याच डिसेंबरात तो वारला.