पोलिसांवरील दिवाणी दावा

काशीत दशाश्वमेध घाटाच्या शेजारी अहिल्याबाई होळकरांच्या नावाचा घाट आहे. त्याच्या पायऱ्यांवर कोणीही यावे, स्नान करावे. पोलिसालाही तेथे मज्जाव नाही. परंतु समजा, घाटामागच्या गल्लीतील एका घराचे दार रात्री ठोठावले गेले, पोलीस आत शिरले, घरधन्यास घेऊन गेले, आणि काही निष्पन्न न होता त्यास सोडून दिले. या गृहस्थाने भरपाई मागावी ती कोणाकडे? शिपायाकडे, की त्याला वर्दी देणाऱ्या सरकारकडे? या प्रश्नाचा बराच इतिहास उत्तर प्रदेशातच घडला आहे.

पोलिसास परक्या घरात पाऊल टाकताच येत नाही, असे नव्हे. ज्याला अटक करावयाची तो आत आहे असे मानण्यास कारण असेल, तर दार उघडण्यास सांगता येते. न उघडल्यास फोडताही येते. वॉरंटावाचून झडती घ्यावयाची तर कारणे आधी लिहून ठेवावी लागतात. 1 जुलै 2024 पासून अंमलात आलेल्या नागरिक सुरक्षा संहितेने झडतीचे ध्वनिचित्रमुद्रणही आवश्यक केले आहे. अटक झालेल्या माणसाला, प्रवासाचा वेळ वगळून, 24 तासांच्या आत दंडाधिकाऱ्यापुढे उभे करावे, ही तर घटनेचीच आज्ञा. या मर्यादा ओलांडणाऱ्या अधिकाऱ्यावर व्यक्तिशः दावा चालू शकतो. संशयिताच्या घरी रात्री-अपरात्री जाऊन चौकशी करण्याची मुभा देणारा उत्तर प्रदेश पोलीस नियमावलीतील नियम सर्वोच्च न्यायालयाने 1962 साली खरक सिंग खटल्यात रद्द ठरविला.

खरी अडचण सरकारपाशी येते. शिपायाविरुद्ध हुकूमनामा मिळाला, तरी त्याच्या पगारातून वसूल होणार किती? 20 सप्टेंबर 1947 च्या रात्री मीरत येथे अमृतसरच्या एका सराफी पेढीच्या भागीदारास पोलिसांनी संशयावरून पकडले. जवळचे शंभर तोळ्यांहून अधिक सोने आणि चांदी जप्त झाली. दुसऱ्या दिवशी तो जामिनावर सुटला, पुढे चांदीही परत मिळाली. सोने मात्र मालखान्याचा हेडकॉन्स्टेबल घेऊन पाकिस्तानात पसार झाला होता. कस्तुरीलाल खटला या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या दाव्याचा निकाल 1964 साली सरन्यायाधीश गजेंद्रगडकरांनी लिहिला. पोलिसांचा हलगर्जीपणा न्यायालयाने मान्य केला. पण अटक आणि जप्ती हे राज्याचे सार्वभौम अधिकार, सबब सरकार जबाबदार नाही, असे ठरले. हा परिणाम समाधानकारक नाही आणि विधिमंडळाने कायदा करावा, असे खुद्द निकालातच म्हटले आहे. विधि आयोगाच्या पहिल्याच अहवालाने 1956 मध्ये अशाच कायद्याची शिफारस केली होती. विधेयके आली आणि बारगळली. सोने गमावलेल्या माणसाला न्यायालयाची हळहळ कितपत उपयोगी पडणार!

वाट निघाली ती मूलभूत हक्कांच्या बाजूने. निर्दोष सुटूनही चौदा वर्षे तुरुंगात राहिलेल्या बिहारमधील रुदल शाह याला 1983 साली सरन्यायाधीश यशवंतराव चंद्रचूड यांच्या पीठाने, आधीचे पाच हजार धरून, 35,000 रुपये देवविले. तेही रिट अर्जावर. जीविताच्या आणि स्वातंत्र्याच्या हक्कावर घाला पडला असता अशा अर्जात सार्वभौमत्वाची सबब चालत नाही, असे 1993 च्या नीलाबती बेहेरा प्रकरणी स्पष्ट झाले. कस्तुरीलालचा निर्णय त्यामुळे निष्प्रभ झाला नसला, तरी पुष्कळ संकोचला आहे.

घाटामागच्या त्या गृहस्थाला म्हणून दोन मार्ग आहेत. घटना निर्विवाद असेल तर अलाहाबाद उच्च न्यायालयात रिट अर्ज. पुराव्याचा वाद असेल तर दिवाणी न्यायालय. दिवाणी दाव्यापूर्वी सरकारला व अधिकाऱ्याला दोन महिन्यांची नोटीस द्यावी लागते. तातडी असेल तर न्यायालयाच्या परवानगीने तिच्याविनाही दावा लावता येतो. जमिनीवरील अतिक्रमणाच्या भरपाईस तीन वर्षांची मुदत आहे, बेकायदा कैदेच्या भरपाईस एकच वर्षाची. कृत्य 1861 च्या पोलीस कायद्याखालचे ठरले, तर अवघ्या तीन महिन्यांची. बेकायदा कैदेचे ते एक वर्ष सुटकेच्या दिवसापासून मोजले जाते.