वैद्यकाची शाळा पारखतांना

आमच्या पुतण्याच्या कन्येनें बारावीनंतर 'नीट' ही प्रवेशपरीक्षा दिली आणि आयुर्वेदाची पदवी घेण्याचा निश्चय घरांत बोलून दाखविला. त्या दिवसापासून घरांत दोन तट पडले. वहिनींचें म्हणणें, मुलगी गांवांतच शिकावी. पुतण्यास चिंता पैशांची. कारण साडेचार वर्षांचा अभ्यासक्रम व त्यावर एक वर्षाची आंतरवासिता, असा हा साडेपांच वर्षांचा संसार, आणि खासगी महाविद्यालयाची फी भरण्यास कोंकणांतील वडिलोपार्जित बागेवर कर्ज काढण्यावांचून गत्यंतर नव्हतें. मुलीच्या हातीं माहितीपत्रकांचा गठ्ठा होता. त्यांत उद्यानें होतीं, व्यायामशाळा होत्या, पदवीदानाचे झगे होते. रुग्ण मात्र एकहि नव्हता. अखेर, जन्मभर खडू झिजविलेला मनुष्य म्हणून निवाडा आमच्याकडे आला.

निवाडा करण्यास आम्ही भीत होतों, यास कारण आहे. पुष्कळ वर्षांपूर्वीं आमच्या एका हुषार विद्यार्थ्यास, केवळ टोलेजंग इमारत पाहून, आम्हींच एका वैद्यक महाविद्यालयाची शिफारस केली होती. तेथील रुग्णालयांत रुग्णच फिरकत नसत. मुलगा पदवी घेऊन आला. पण तापानें फणफणलेल्या माणसाजवळ बसण्याचें धैर्य त्यास नव्हतें. आज तो एका कंपनीचीं औषधें विकत गांवोगांव हिंडतो, आणि भेटला म्हणजे आम्हांस वांकून नमस्कार करतो. तो नमस्कार आम्हांस बोंचतो.

चरकसंहितेच्या विमानस्थानांतील आठव्या अध्यायांत या विषयाचा मोठा मार्मिक विचार आहे. वैद्य होऊं इच्छिणाऱ्यानें प्रथम शास्त्राची परीक्षा करावी, मग आचार्याची. आचार्यानें शिष्याची परीक्षा करावयाची ती त्यानंतर. हल्लीं हा क्रम अगदीं उलटा झाला आहे. विद्यार्थ्याची परीक्षा सारा देश घेतो. आचार्याची परीक्षा घेण्याचें कोणासच सुचत नाहीं.

कागदोपत्रीं परीक्षा घरबसल्या होते. नाशिक येथील महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाशीं (स्थापना १९९८) महाविद्यालय संलग्न आहे काय, आणि २०२१ पासून आयुर्वेदशिक्षणाचें नियमन करणाऱ्या राष्ट्रीय आयोगानें चालू वर्षास किती जागांची परवानगी दिली आहे, हें आधीं पाहावें. शुल्क नियामक प्राधिकरणानें मंजूर केलेली फी व कचेरींतील कारकून तोंडानें सांगतो ती फी, या दोहोंचा मेळ घालावा. पावती न देतां मागितलेला पैसा हा त्या संस्थेचा पहिला धडा समजावा. एवढें झालें कीं उठून प्रत्यक्ष जावें.

पहिलें महाविद्यालय मुलीच्या मनांत भरलेलें होतें. आगाऊ न कळवितां मंगळवारीं सकाळीं दहास आम्ही तेथें गेलों. (कळवून गेलेल्या पाहुण्यास घर नेहमींच सारवलेलें दिसतें.) आंतररुग्ण विभागांत खाटांवरील चादरींस एक सुरकुती नव्हती. 'आज बाजाराचा दिवस, माणसें येत नाहींत,' असें तेथील परिचारिका म्हणाली. आम्हीं खेडेगांवीं नोकरी केली आहे. दवाखान्यांत गर्दी उसळते ती बाजाराच्याच दिवशीं, हें आम्हांस पक्कें ठाऊक. पुढें पंचकर्माचें दालन होतें. तेथील लांकडी द्रोणीवर मुलगी क्षणभर वांकली आणि हळूच म्हणाली, "आजोबा, हिला तेलाचा वासच नाहीं हो."

आमचें अर्धें काम तिनेंच केलें.

दुसरें महाविद्यालय बसनें रात्रभराच्या अंतरावर. भिंतींचे पोपडे निघालेले, वसतिगृहांत पाणी सकाळीं दोनच तास. परंतु बाह्यरुग्ण विभागापुढें नऊच्या आधींच रांग लागलेली होती आणि व्हरांड्यांत तेल-काढ्यांचा वास दरवळत होता. आंतरवासितेंतील एका मुलीस आम्हीं विचारलें, "बाळ, काल स्वतःच्या हातांनीं काय काय केलेंस?" तिनें बोटांवर मोजून सांगितलें: बारा रुग्णांचीं टिपणें, दोघांस बस्ति, आणि भगंदराच्या एका रुग्णाचें क्षारसूत्र बदलतांना गुरूंच्या हाताखालीं मदत. प्राचार्यांच्या तासभराच्या व्याख्यानापेक्षां हा एक प्रश्न अधिक सांगून जातो, असें आमचें मत आहे. सुश्रुतानें शस्त्र चालविण्याचा सराव कोहळा, दुध्या, काकडी यांवर करावयास सांगितला, मृतदेह उघडून पाहण्याची रीतहि शारीरस्थानांत दिली. ग्रंथ पाठ होऊनहि हात वळतोच असें नाहीं, हें तो जाणून होता. म्हणून शरीररचनेच्या दालनांत एका मृतदेहाभोवतीं किती विद्यार्थी उभे राहतात, तेंहि मुलीकडून विचारविलें. उत्तर समाधानकारक होतें.

एक गोष्ट विशेष लक्षांत राहिली. वर्गांत एका विद्यार्थ्यानें अडवणूक करणारा प्रश्न केला. अध्यापक क्षणभर थांबले, 'पाहून उद्यां सांगतों' म्हणाले, आणि तास संपल्यावर खरोखरच ग्रंथालयाकडे वळले. आचार्य रागीट नसावा, शिष्यांवर माया करणारा असावा, असें चरक म्हणतो. पस्तीस वर्षांच्या नोकरींत 'उद्यां सांगतों' हे शब्द आमच्या तोंडून कितीदां निघाले असतील, हा प्रश्न परतीच्या बसमध्यें आमची झोंप उडवून गेला.

मुलीनें पसंतीक्रमांत दुसरें महाविद्यालय वर लिहिलें, आणि यादींत तेंच मिळालें. पुतण्यानें बागेच्या कागदांवर सही केली. वहिनींनीं डबाभर डिंकाचे लाडू बांधून दिले. आमच्याशीं मात्र त्या अद्याप धड बोलत नाहींत.