अतिदक्षता विभागांत काय चालतें?

रुग्णालयांतील ‘अतिदक्षता विभाग’ हें नांव कानीं पडतांच पुष्कळांच्या मनांत भीति उभी राहते. तेथें गेलेला रोगी परत येत नाहीं, असाहि समज आढळतो. तो समज किती चुकीचा आहे, हें आम्ही आपल्या वर्धा जिल्ह्यांतील खेड्यांस परिचित अशा एका संकटावरून दाखवितों.

मण्यार हा साप बहुधा रात्रीं, जमिनीवर निजलेल्या माणसास दंश करितो. दंशाच्या जागीं सूज वा वेदना फारशी नसते. म्हणून घरचीं माणसें निर्धास्त राहतात. परंतु त्याचें विष मज्जातंतूंकडून स्नायूंस मिळणारी आज्ञा बंद पाडतें. प्रथम पापण्या मिटूं लागतात, मग गिळणें अवघड होतें, आणि शेवटीं श्वास थांबूं लागतो. रोगी निपचित दिसतो. तथापि कित्येकदां त्याला सभोंवतालचें बोलणें ऐकूं येत असतें.

सर्पविषावरील लस शरीरांत फिरणारें विष निकामी करिते; परंतु मज्जातंतूंच्या टोकांस आधींच झालेली इजा तिनें लगेच भरून येत नाहीं. त्यास कांहीं दिवस लागतात. तेवढे दिवस नळीवाटे यंत्रानें श्वास पुरवावयाचा, नाडी, रक्तदाब व रक्तांतील प्राणवायु यांवर अहोरात्र लक्ष ठेवावयाचें, कफ काढावयाचा, कूस बदलावयाची, हेंच या विभागाचें काम होय. यंत्र रोग बरा करीत नाहीं. तें शरीरास सवड मिळवून देतें.

या पद्धतीचा पाया १९५२ सालीं डेन्मार्कमधील कोपनहेगन येथें पोलिओच्या सांथींत घातला गेला. यंत्रें अपुरीं होतीं, तेव्हां डॉ. ब्यॉर्न इब्सेन यांच्या सूचनेवरून सुमारें १५०० विद्यार्थ्यांनीं पाळीपाळीनें रबरी पिशवी हातानें दाबून रोग्यांस श्वास पुरविला. आज ही सोय आपल्या सेवाग्रामच्या कस्तुरबा रुग्णालयांत आहे. याच रुग्णालयास जोडून १९६९ सालीं डॉ. सुशीला नायर यांनीं वैद्यकीय महाविद्यालय स्थापन केलें.

परंतु श्वास बंद पडून कांहीं मिनिटें गेलीं कीं मेंदूस कायमची इजा होते, आणि मग यंत्राचाहि इलाज चालत नाहीं. म्हणून मांत्रिकाच्या दारीं वेळ दवडूं नये, दंशाची जागा कापूं नये, दोरीहि आवळूं नये. दंश झालेला अवयव हलूं न देतां १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. विद्यार्थ्यांनीं एवढी गोष्ट घरोघरीं सांगितली, तरी एखादा प्राण वांचेल.